नानांच्या मानेला ज्याने हात लावला

नाना, मोबाईलमध्ये तुम्ही अजून हसताय.

तुमचं उत्तरकार्य झालं. तुमचा खाकी शर्ट माईंनी धुऊन, घडी घालून कपाटाच्या वरच्या खणात ठेवला. डेपोच्या फळ्यावर माझ्या नावासमोर दुसऱ्या ड्रायव्हरचं नाव लागलं. पण तो व्हिडिओ चालूच होता. एका लाकडी खुर्चीवर तुम्ही बसलेले. मागे तो उभा, पांढरा कुर्ता, बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या. त्याचा एक हात तुमच्या हनुवटीखाली, दुसरा डोक्यामागे. कोपऱ्यात तुमच्या माई, हिरव्या लुगड्यात, कपाळभर कुंकू लावून, देवासमोर उभं राहावं तशा हात जोडून. तो तुम्हाला काहीतरी गमतीचं विचारतो, तुम्ही हसता, आणि तुम्ही हसत असतानाच तो तुमची मान एका बाजूला पिळतो. कडकन आवाज येतो. मागचे लोक टाळ्या वाजवतात. "काका, कसं वाटतंय?" असं तो विचारतो, आणि तुम्ही म्हणता, "हलकं वाटस."

व्हिडिओ तिथे संपतो. पुढचं त्यात नाही. पुढचं माझ्याकडे आहे.

डेपोतले लोक म्हणाले, मंगल, गेलेल्या माणसाशी मनातलं बोलून घ्यावं, जीव शांत होतो. मला जीव शांत करायचा नाही, नाना. तुमच्याशी बोलायचंय ते वेगळ्या कारणासाठी. तुम्ही गेल्यावर त्या माणसाचं मी काय केलं आणि अजून काय करणार आहे, ते तुम्हाला सांगायचंय. तुम्ही असतात तर मला अडवलं असतं. "जाऊ दे व पोरी," म्हणाला असतात. आता अडवायला तुम्ही नाही, हा त्याचाच दोष.

मी धुळे डेपोत कंडक्टर म्हणून लागले तेव्हा तुमच्या गळ्यात मानेचा पट्टा होता. जाड, पांढरट, कडेने मळलेला. सगळे तुम्हाला पट्टेवाले नाना म्हणायचे. पहिल्याच दिवशी तुम्ही मला सांगितलं होतं, "मान उजवीकडे फिरस नही. गाडी मागे लेवानी तर तू मन्हा डोया." आणि खरंच, पिंपळनेरच्या स्टँडवर गाडी मागे घेताना मी खाली उतरून शिट्टी मारत तुमचे डोळे व्हायचे. तुम्हाला आरशात बघायचं तर अख्खं अंग वळवावं लागायचं, पोतं फिरवावं तसं. साक्रीच्या घाटवळणांवर तुमचे दात आवळलेले मला केबिनच्या जाळीतून दिसायचे. गाडी स्टँडला लागली की स्टिअरिंगवर कपाळ टेकवून बसून राहायचात, आणि प्रवाशांना वाटायचं, ड्रायव्हर झोपलाय.

माझीही मान दुखत होती. बॅगेचा पट्टा कायम डाव्या खांद्यावर, नजर तिकीट मशीनमध्ये खाली. पण मी बाई. बाईची मान दुखते हे कुणाला सांगण्यासारखं असतं का? तुम्हीच एक दिवस ओळखलंत. "तुन्हा खांदा कानले चिकटी गया," म्हणालात. म्हणून आपण दोघं एकाच दिवशी दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी तुमच्या मानेचे फोटो काढले, हातात मुंग्या येतात का, पकड सैल पडते का, सगळं विचारलं, आणि व्यायाम शिकवायला खालच्या मजल्यावर फिजिओथेरपीच्या मॅडमकडे पाठवलं.

मॅडम वयाने माझ्याहून लहान. त्यांनी पहिल्यांदा काय केलं, आठवतं? तुमचा पट्टा सोडवून टेबलावर ठेवला. तुम्ही असे दचकलात, जणू भर बाजारात कुणी धोतर ओढलं. मॅडम म्हणाल्या, "नाना, हा तुम्ही वर्षानुवर्षं घालताय. मानेचं काम पट्टा करतोय, म्हणून मानेचे स्नायू आळशी झालेत. त्यांना परत कामाला लावायचंय."

"अन् तुटनी तर?"

"तुटणार नाही. हळू करायचं. झटका कधीच द्यायचा नाही. चक्कर आली, हातात कळ गेली, तर थांबायचं आणि मला सांगायचं."

नाना, त्यांनी हे सांगितलं तेव्हा तुम्ही समोर होतात. झटका कधीच द्यायचा नाही. मी आजही ते वाक्य ऐकते आणि माझ्या मुठी वळतात.

पहिला व्यायाम अगदीच हास्यास्पद वाटला होता. ताठ बसायचं, मान खाली न वाकवता हनुवटी सरळ मागे घ्यायची, जसं समोरून कुणी तोंडाजवळ काही आणतंय आणि आपण नको म्हणून मागे सरतोय. तुमच्या हनुवटीखाली दुसरी हनुवटी तयार झाली आणि मी हसले. तुम्ही मॅडमसमोर मला दटावलंत. मग तळहात कपाळाला लावून डोक्याने हाताला ढकलायचं आणि हाताने डोक्याला अडवायचं. जोर दोन्हीकडून, पण मान जागची हलू द्यायची नाही. तसंच बाजूने, तसंच मागून. मग खांद्यांची पाती पाठीमागे एकमेकांजवळ आणायची. रबराची एक लांब पट्टी दिली होती, ती खिडकीच्या गजाला अडकवून कोपर मागे ओढायचे.

गाडी पिंपळनेरला लागली की आपलं सुरू. तुम्ही केबिनमध्ये, मी दारातल्या सीटवर. तुम्ही कपाळाला हात लावून बसलात की बाया विचारायच्या, "डायवर भाऊंचं कुणी गेलं का व?" एकदा एक म्हातारी तर तुमच्या खिडकीखाली उभी राहून म्हणाली, "भाऊ, रडू नको. देव सगळं पाहस." तुम्ही हाताने डोकं ढकलता ढकलताच तिला सांगितलंत, "आजी, मी रडी नही ऱ्हायनू, मी डोकासंगे भांडी ऱ्हायनू." रबरी पट्टीवरून तर स्टँडच्या कंट्रोलरने तुम्हाला विचारलं होतं की गाडीचा पट्टा तुटला का.

आणि आपली भांडणं! तुम्ही ती पट्टी केबिनच्या जाळीला बांधून ठेवायचात, मी सोडून बॅगेत टाकायचे, कारण प्रवाशांचे हात त्यात अडकायचे. तुम्ही घाई करायचात. मॅडमनी हळू सांगितलेलं तुम्ही भराभरा उरकायचात, वेळापत्रकाच्या मागे पडलेली गाडी पळवावी तसं. मी म्हणायचे, नाना, श्वास रोखू नका. तुम्ही म्हणायचात, "तू कंडक्टर शे का मास्तरीण?" मी म्हणायचे, दोन्ही. मग तुम्ही पुन्हा पहिल्यापासून करायचात. माझं ऐकायचात तुम्ही. डेपोत कुणाचं न ऐकणारा माणूस माझं ऐकायचा. माझे वडील मी शाळेत असतानाच गेले. ते तुम्हाला माहीत होतं, पण त्यावर आपण कधी बोललो नाही. तुम्ही फक्त घरून येताना डब्यात माझ्यासाठी एक भाकर जास्त आणायचात, आणि वर म्हणायचात, माईनी जास्त टाकी दिन्ही. माईंनी परवा सांगितलं, तुम्हीच त्यांना जास्त टाकायला लावायचात.

गुण हळूहळू आला. आधी तुमची झोप सुधारली. मग स्टिअरिंगवर कपाळ टेकवणं बंद झालं. मग पट्टा घरीच राहू लागला. आणि एके दुपारी पिंपळनेरला मी मागच्या सीटपाशी तिकिटं तपासत होते, तेव्हा तुम्ही केबिनमधून हाक मारलीत. बघते तर तुम्ही खांदे न हलवता, नुसती मान वळवून माझ्याकडे बघताय. चेहऱ्यावर असं हसू, जणू पोरगा पहिल्यांदा सायकल चालवतोय.

"मंगल व! तू माले दिसी ऱ्हायनी!"

त्या दिवशी मी शिट्टी मारली नाही. गाडी तुम्ही एकट्याने मागे घेतलीत, मान वळवून, खिडकीबाहेर बघत. मी खाली उतरून नुसती उभी होते. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, पण मला तेव्हा रडू आलं होतं. व्हिडिओ काढायचा तर तो काढायला हवा होता. पण आपल्याला कुठे सुचतं.

मग थंडी आली. जड स्टिअरिंगची गाडी वाट्याला आली, खिडकीची काच वर जाईना, पहाटेचा वारा सरळ मानेवर. दुखणं परतलं. मॅडमनी सांगितलं, असं अधूनमधून होतं, घाबरू नका, व्यायाम कमी करा पण सोडू नका, शेक द्या, थोडे दिवस सुट्टी घ्या. सुट्टी म्हटल्यावर तुमचा चेहरा पडला. वैद्यकीय तपासणी तोंडावर आली होती. तपासणीत मान आखडलेली दिसली तर स्टिअरिंग काढून घेतील, डेपोत टायर मोजायला बसवतील, अशी तुम्हाला धास्ती. निवृत्तीपर्यंत तुम्हाला गाडीवरच राहायचं होतं. हे मला समजत होतं, नाना. तुमच्याइतकंच समजत होतं.

तेव्हाच कुणीतरी डेपोच्या विश्रांतीगृहात मान मोडून देणाऱ्या त्या माणसाचे व्हिडिओ मोबाईलवर दाखवले. एका झटक्यात मान मोकळी. आधी लंगडणारे लोक, नंतर धावणारे लोक. तुम्ही मला दाखवलंत.

मी म्हटलं, "नाना, मॅडम काय म्हणाल्या होत्या?"

"तुन्ही मॅडमना व्यायाम म्हंजे बैलगाडी शे. माले आते एक्सप्रेस पाहिजे."

"बैलगाडीनेच तुमची मान वळली ना?"

"वळनी. पण परत आखडनी ना?"

"मग परत वळेल. तो माणूस डॉक्टर आहे का? कुठे शिकलाय? मॅडमनी आधी किती विचारपूस केली होती. हा कुणाला काही विचारतोय का बघा. आला की पीळ, आला की पीळ."

तुम्ही मोबाईल खिशात टाकलात. "बरं, पाहू," म्हणालात. ते भांडण तिथेच राहिलं. माझ्याकडे अजून खूप मुद्दे होते. ते सगळे मुद्दे आता माझ्या छातीत बसलेत आणि त्यांना जायला जागा नाही.

साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी तुम्ही माईंना घेऊन नशिराबादला त्याच्याकडे गेलात. दुसऱ्या दिवशी आपली जळगावची गाडी होती. निघायच्या आधी तुम्ही मला ऐटीत मान वळवून दाखवलीत, इकडे, तिकडे. "काल जाई उनू. देख." मी रागाने बोललेच नाही, जाऊन तिकिटं द्यायला लागले. डोक्याच्या मागच्या बाजूला सकाळपासून ठणका आहे हे तुम्ही माईंना सांगितलं होतं. मला सांगितलं नाहीत.

पारोळा मागे पडलं. एरंडोल अजून यायचं होतं. गाडी भरलेली, उभे प्रवासी, शाळेच्या मुली, एक बाळंतीण माहेरी निघालेली. तुम्ही हाक मारलीत, पण आवाज तुमचा नव्हता. मी जाळीपाशी गेले.

"मंगल, रस्ता दोन दिसी ऱ्हायनात."

मी काही बोलायच्या आत तुम्ही इंडिकेटर दिला होता. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. समोरून केळीचा ट्रक येत होता, तो तुम्ही जाऊ दिलात, मग गाडी अलगद डाव्या अंगाला घेतलीत, रस्त्याच्या खाली, कडुलिंबाखाली. हँडब्रेक ओढलात. इंजिन बंद केलंत. किल्ली काढून जाळीतून माझ्या हातात दिलीत. मग म्हणालात, "पॅसेंजर उतरवी दे."

तुमचे ते शेवटचे नीट शब्द. त्यानंतर उलटी झाली, तोंड एका बाजूला ओढलं गेलं, आणि जे बोलत होतात ते मला कळेना. गाडीतल्या एकालाही साधं खरचटलं नाही, नाना. डोळ्यांपुढे रस्ते दोन झालेले असताना तुम्ही खरा कुठला ते ओळखलंत. त्या बाळंतिणीने खाली उतरल्यावर तुमच्या खिडकीला हात लावून नमस्कार केला. तिचं पोर पदराखाली झोपलेलं होतं. त्याला काही कळलंही नाही.

जळगावच्या हॉस्पिटलात तुम्ही पुन्हा डोळे उघडले नाहीत. डॉक्टरांनी माईंना आणि मला बसवून सांगितलं. मानेतून मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी आतून फाटली होती. तिथे रक्ताची गाठ झाली आणि मेंदूच्या मागच्या भागाचं रक्त बंद पडलं. मग त्यांनी विचारलं, "यांच्या मानेला अलीकडे जोराचा पीळ बसला होता का? कुणी मान मोडून दिली होती का?"

माईंनी खाली बघितलं. मी मोबाईल काढून डेपोच्या ग्रुपवर आलेला तुमचा व्हिडिओ लावला. डॉक्टरांनी तो पूर्ण बघितला. म्हणाले, "यानेच झालं असं मी शंभर टक्के सांगू शकत नाही. पण अशा झटक्याने असं होतं. कुणाचं होईल ते आधी सांगता येत नाही, म्हणून तर आम्ही नको म्हणतो."

तुम्ही गेलात.

मी माईंना म्हटलं, तक्रार करू. माईंनी मान हलवली. शवविच्छेदन नको म्हणून त्यांनीच सांगितलं होतं. "आते काय उपेग? माणूस येवाव नही." मला त्यांचा राग आला, फार राग आला. घरात सगळे नशीब, नशीब करत होते. नशिबाला हात असतात का नाना? ज्याने तुमची मान धरली त्याला हात होते. मग एक दिवस माई चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाल्या, "मीच लई गयथू त्यासले. तुन्हं ऐकीसन ते नको म्हनी ऱ्हायनथात." तेव्हा मला कळलं की त्या गप्प का आहेत.

मी एकटी नशिराबादला गेले. हायवेला लागून मोठा बॅनर. आत मंडप, खुर्च्यांच्या रांगा, आणि भिंतीवरच्या टीव्हीवर तुम्ही. हसताय, कडकन आवाज, टाळ्या. पुन्हा हसताय. माझ्या आधी बसलेली बाई शेजारणीला म्हणाली, "पाहिलं का, म्हातारा कसा खूश झाला."

माझा नंबर आला. मी त्याला म्हटलं, "हा माणूस वारला. तुम्ही मान मोडल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यांना झटका आला. हा व्हिडिओ काढा."

तो घाबरला नाही. चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही. "ताई, काका तर हसत गेले इथून. तुम्ही बघताय ना? वय झालं होतं, बीपी असेल. देवाची मर्जी."

"तुम्ही त्यांना बीपी विचारलं होतं?"

"मला विचारावं लागत नाही. हाताला कळतं." आणि मग तो उठून माझ्या मागे आला. "तुमचीही मान किती आखडलीय. राग मानेत बसतो, ताई. थांबा, मोकळी करतो."

नाना, त्याचे हात माझ्या जबड्याला लागले. मऊ, कोमट हात, सुगंधी तेलाचा वास. हेच हात. क्षणभर मला तुम्हाला काय वाटलं असेल ते कळलं. खरंच बरं वाटतं हो, कुणी दुखऱ्या जागी हात ठेवला की. मग मी त्याचं मनगट धरलं. भरल्या गाडीत एका हाताने दांडी धरून वर्षं काढलीत मी, माझी पकड त्याला माहीत नव्हती. मी ते मनगट पिळलं. त्याच्या तोंडातून आवाज निघेपर्यंत पिळलं, आणि त्याच्या कानाशी म्हटलं, "हलकं वाटतंय का?" त्याच्या माणसांनी मला दंडाला धरून बाहेर काढलं. हायवेवर उभी राहून मी मंडपाच्या दाराकडेच बघत होते. मला आणखी पिळायचं होतं. मी खोटं बोलणार नाही, त्याची मान माझ्या हातात यावी असं मी त्या दिवसापासून रोज मनात आणते.

मग तो धुळ्यात आला. आपल्याच धुळ्यात, मंगल कार्यालय घेऊन, आणि बॅनरवर तुमचा फोटो. मी त्या बॅनरचा फोटो काढून माईंना नेऊन दाखवला. त्यांनी तो बघितला. मग आत गेल्या आणि बाहेर आल्या त्या चपला घालूनच.

"चाल. मी येस."

कार्यालय भरलेलं. बाया, म्हातारे, हमाल, शिक्षक, एक नवरी होऊ घातलेली पोरगी आईबरोबर. मी दारात उभी राहिले आणि गाडीत देते तसा आवाज दिला. "या बॅनरवरचा माणूस वारलाय! माझा ड्रायव्हर होता! याने मान मोडली आणि दुसऱ्या दिवशी रस्त्यात कोसळला!" लोक माझ्याकडे वेड्या बाईकडे बघावं तसं बघायला लागले. एकजण म्हणाला, दुसऱ्या कुणाचा माणूस असेल, धंदा पाडायला आलीय. त्याची माणसं माझ्याकडे निघाली.

तेवढ्यात माई पुढे गेल्या. सरळ टीव्हीखाली जाऊन उभ्या राहिल्या. वर व्हिडिओ चालू. एक बाई ओरडली, "अगं माय, ही तीच! व्हिडिओतली, कोपऱ्यातली!" सगळ्यांच्या नजरा वर गेल्या, खाली आल्या. वर हात जोडलेल्या माई, खाली मोकळ्या कपाळाच्या माई. कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. माई फार मोठ्याने बोलल्या नाहीत. पण तिथे दुसरा आवाजच उरला नव्हता.

"ह्या मानूसनी मन्हा मालकनी मान मुरगाळी. मी हात जोडीसन उभी व्हतू. दुसरा दिन मन्हा माणूस पडना, परत उठनाच नही. घर जा रे बठ्ठा. मान घर लई जा."

खुर्च्या सरकल्या. आधी ती नवरी मुलगी उठली, मग बाकीचे. काही जण तरीही बसून राहिले, एकाने मला शिवीही दिली. तो पांढऱ्या कुर्त्यातला माणूस स्टेजच्या मागच्या दाराने निघाला होता, पण हमालांनी त्याची गाडी अडवून धरली आणि पोलीस येईपर्यंत सोडली नाही. त्याचा कुर्ता फाटला. ते फाटताना मी बघितलं आणि मला आनंद झाला, नाना. देवळात होतो तसा आनंद झाला.

जायला निघालेल्यांपैकी एक म्हातारा हमाल माझ्यापाशी थांबला. "ताई, ते खरं. पण मान तर दुखस ना. आम्ही करावं काय?" त्याचा तो प्रश्न मला आवडला. त्या कुर्तेवाल्याच्याच खुर्चीवर, त्याच्याच बॅनरखाली मी त्या हमालाला बसवलं. हातात मुंग्या येतात का, चक्कर येते का, विचारलं. म्हटलं, आधी दवाखान्यात दाखवा, तिथे मॅडम आहेत, त्या शिकवतील, वेळ लागेल. आणि तोवर हनुवटी अशी मागे घ्या. त्याने घेतली. बाजूला उभ्या असलेल्या बायांनी घेतली. माई टीव्हीखाली उभ्या होत्या, त्यांनीही घेतली.

पोलिसांनी तक्रार लिहून घेतली. शवविच्छेदन नाही, त्यामुळे वकील म्हणतात अवघड आहे, रेंगाळेल. हॉस्पिटलचे स्कॅन आहेत. मॅडमनी आरोग्य खात्याकडे वेगळा अर्ज दिलाय. तुमचा व्हिडिओ त्याने काढून टाकला असं सांगतात, पण तो आधीच कुठे कुठे गेलाय, डेपोत कुणाच्या ना कुणाच्या मोबाईलवर तुम्ही अजून हसताच. तो स्वतः सुटून आला. त्याला वाटलं असेल, दुसऱ्या गावात जाऊ, दुसरा बॅनर लावू.

पण त्याला एक गोष्ट ठाऊक नाही. खानदेशात अशी एक वाडी नाही जिथे दिवसातून एकदा आपली गाडी जात नाही. मी धुळ्याच्या स्टँडवर सांगितलं, त्यांनी साक्रीला सांगितलं, जळगाववाल्यांनी भुसावळ, यावल, चोपड्याला. तुमच्यासाठी कुणी नाही म्हटलं नाही, नाना. तुमच्याशी ज्यांचं पटत नव्हतं तेसुद्धा. त्याचा बॅनर कुठे बांधला गेला की तिथल्या मुक्कामाच्या गाडीचा ड्रायव्हर मला फोन करतो. दोन गावांत आम्ही त्याच्या आधी पोहोचलो. तिथे त्याने मंडप न घालताच गाशा गुंडाळला. लोक मला म्हणतात, आता पुरे, क्षमा कर, नानांना शांती लाभू दे. क्षमा करायचा हक्क तुमचा होता आणि तो तुमच्याबरोबर गेला. माझ्याकडे तो नाही. मला तो नकोही आहे. तुम्हाला शांती मिळो न मिळो, त्याला मात्र मी मिळू देणार नाही.

आज दुपारी फैजपूरहून फोन आला. बाजारात बॅनर लागलाय, नाव बदललंय, चेहरा तोच. उद्या माझी सुट्टी आहे. मी माईंना सांगायला गेले तर त्या अंगणात बसून खांद्यांची पाती मागे ओढत होत्या, मॅडमनी शिकवल्यासारख्या, हळू. मी म्हटलं, तिथे त्याचे लोक जास्त असतील, गाव ओळखीचं नाही, तुम्ही राहू द्या.

त्यांनी पाती सोडली, श्वास सोडला, आणि म्हणाल्या, "पहिली गाडी किती वाजता शे?"